साडेआठचा पाऊस

१४ ऑक्टोबर २०२० ला सोलापूर जिल्ह्यात दिवसा कोसळलेला पाऊस हवामान विभागाच्या दैनिक नोंदीत १५ ऑक्टोबरखाली सापडतो. चूक कुणाचीच नाही. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचायचा आणि आदल्या सकाळच्या साडेआठपासून साठलेलं सगळं वाचनाच्या तारखेवर मांडायचं, ही जुनी पद्धत आहे. माणसाला एकदा सांगितलं की कळतं. पावसाचा अंदाज शिकणाऱ्या संगणकाच्या मॉडेलला कळत नाही. त्याला १४ तारखेची हवा दिली आणि तिच्यासमोर १४ तारखेचा आकडा ठेवला, तर ते इमानेइतबारे चुकीचा धडा पाठ करतं आणि कुठलीही एरर येत नाही. सोलापूरच्या पावसावर मशीन लर्निंग लावताना आमचा सर्वांत जास्त वेळ असल्याच गोष्टींत गेला. अल्गोरिदम शेवटी आला आणि लवकर आटोपला.

आधी प्रश्न नेमका करावा लागतो. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत वासराची भाकणूक होते, तेव्हा सगळ्यांना हवं असतं ते ‘यंदा पाऊसपाणी कसं?’ याचं उत्तर. प्रश्न खराच आहे, पण उत्तर बरोबर आलं की चुकलं हे ठरवायला त्यात माप नाही. आम्ही ठेवलेला प्रश्न असा: आज सकाळी साडेआठपर्यंतची माहिती हातात असताना, उद्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत नकाशावर आखलेल्या सोलापूरच्या चौकटीत २.५ मिमी किंवा जास्त पाऊस पडण्याची शक्यता किती? २.५ मिमी हा हवामान विभागाचा ‘पावसाळी दिवसा’चा उंबरठा. ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. महसूल खात्याची अतिवृष्टी मात्र मंडळात २४ तासांत ६५ मिमीवरून मोजतात. ६४.५ आणि ६५ एकमेकांना खेटून आहेत म्हणून एकाच कोडमध्ये दोन्ही घुसवू नयेत; नंतर कुठला आकडा कुठून आला ते सापडत नाही.

हंगाम जून ते सप्टेंबर असा पुस्तकी न धरता जून ते ऑक्टोबर धरला, म्हणजे १५३ दिवस. सोलापूरचा सर्वांत ओला महिना सप्टेंबर, आणि रब्बी ज्वारीची पेरणी त्याच ओलीवर होते. जुलैचा पाऊस नीट सांगणारं पण परतीच्या पावसाला अडखळणारं मॉडेल ज्वारी पिकवणाऱ्या मंगळवेढ्याच्या काय कामाचं?

पावसाचा खरा आकडा म्हणून हवामान विभागाची ०.२५ अंशाची जाळी, म्हणजे दर पाव अंशावरच्या बिंदूंचे पावसाचे आकडे, घेतली. ही १९०१ पासूनची आहे, वर्षाला एक बायनरी फाइल. जाळी १२९ अक्षांश गुणिले १३५ रेखांश, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. म्हणून साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटची असायला हवी. उघडण्याआधी आकार तपासा. डाउनलोड अर्धवट राहिलेलं असेल तर इथेच कळतं. अक्षांश ६.५ पासून वर ३८.५ पर्यंत, रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत. माहिती नसलेल्या जागी –९९९ भरलेलं असतं. ते आधी रिकामं केलं नाही, तर समुद्राला लागून असलेल्या चौकटींची सरासरी उणे येते. उणे आली तर बरंच म्हणायचं, निदान डोळ्यांत भरते. मोठा परिसर घेऊन सरासरी काढली की एखादा –९९९ आत विरघळतो आणि आकडा फक्त ‘थोडा कमी’ दिसतो. तो सापडायला आठवडे लागतात.

सोलापूर शहर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्वच्या आसपास. जवळचा जाळीबिंदू १७.७५, ७६.०. इथल्या अक्षांशावर एक चौकट सुमारे २७.७ गुणिले २६.४ किलोमीटरची, म्हणजे साधारण ७३० चौरस किलोमीटर. जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा, तेव्हा त्याच्या वाट्याला जेमतेम वीस चौकटी येतात आणि तालुके अकरा. याहून बारीक काही या आकड्यांतून निघत नाही, आणि पुढे नकाशा काढताना हे विसरायला होतं. शिवाय ही जाळी आसपासच्या पर्जन्यमापकांवरून अंतराच्या भाराने बसवलेली आहे. एका गावात १५० मिमी पडले तरी चौकटीत तेवढे दिसणार नाहीत; शेजारचे कोरडे मापक त्याला खाली ओढतात. ‘आमच्या मंडळात एवढा पडला, तुमच्यात कमी कसा?’ याचं उत्तर हेच.

हवेची बाजू युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए-५ मधून घेतली. हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून पुन्हा बांधलेलं हवेचं चित्र, तासागणिक, ०.२५ अंशाचं, १९४० पासूनचं आहे. आम्ही १९८१ ते २०२० ही चाळीस वर्षं आणि १२ ते २४ उत्तर, ६८ ते ८४ पूर्व हा चौकोन घेतला, म्हणजे अरबी समुद्राचा पूर्वेकडचा भाग आणि बंगालच्या उपसागराचा काठ दोन्ही आत येतात. ही जाळी ४९ गुणिले ६५, म्हणजे ३,१८५ बिंदूंची होते. सगळे तास मागवले तर एका घटकाचे, एका उंचीचे सुमारे साडेचार जीबी होतात. फक्त जून ते ऑक्टोबर आणि दिवसातून चार वेळा मागवलं तर तेच सुमारे ३१२ एमबी. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काम करायचं तर हा चार वेळांचाच रस्ता.

मागणी करताना चौकोनाचा क्रम उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा द्यावा लागतो. फाइल येते तेव्हा अक्षांश वरून खाली उतरतात. हवामान विभागाच्या जाळीत ते खालून वर चढतात. एक्सअॅरे (xarray) या पायथन लायब्ररीत सवयीने १२ ते २४ असा तुकडा कापला तर रिकामा अॅरे हातात येतो, तक्रार न करता. २०२४ मध्ये तिकडची डाउनलोड व्यवस्था बदलली आणि वेळेच्या अक्षाचं नाव ‘टाइम’ऐवजी ‘व्हॅलिड टाइम’ झालं. त्याआधीच्या स्क्रिप्ट कुणी सीनियरने दिल्या असतील तर त्या इथे मोडतात.

आता पुन्हा साडेआठ. भारतीय वेळेचे सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचे ०३. ईआरए-५ च्या पावसाच्या आकड्यावर जो तास लिहिलेला असतो, तो संपलेल्या तासाचा. त्यामुळे हवामान विभागाच्या १५ तारखेशी जुळवायचं तर १४ तारखेच्या ०४ पासून १५ तारखेच्या ०३ पर्यंतचे २४ तासांचे आकडे बेरजेला घ्यायचे. आकडा मीटरमध्ये असतो, हजाराने गुणायचा. ईआरए-५ लँड ही त्याचीच फक्त जमिनीची आवृत्ती वापरली तर नियम वेगळा: तिथे पाऊस ०० यूटीसीपासून साठत जातो, म्हणून तासांची सरळ बेरीज केली की पाऊस कितीतरी पट फुगतो. जुळवणी झाली का याची सोपी परीक्षा आहे. पावसाच्या दोन मालिकांपैकी एक मालिका एक दिवस मागे, जागेवर आणि एक दिवस पुढे सरकवून तिन्ही वेळा सहसंबंध काढायचा. सर्वांत मोठा आकडा ‘जागेवर’ यायला हवा. नाही आला तर पुढे एक पाऊलही टाकू नये.

अंदाजासाठी हवेचा कुठला क्षण वापरायचा तेही याच घड्याळाने ठरतं. दिवसातल्या चार वेळा म्हणजे ००, ०६, १२, १८ यूटीसी. सकाळी साडेआठला हातात असू शकते ती ०० ची, म्हणजे पहाटे साडेपाचची हवा. ०६ ची घेतली तर ती सकाळी साडेअकराची, म्हणजे अंदाजाच्या खिडकीतली. मॉडेलचे गुण एकदम वाढतात, कारण त्याला पेपर फुटलेला असतो. आणि खरं सांगायचं तर ईआरए-५ रोजच्या अंदाजाला मिळतच नाही. प्राथमिक आवृत्तीसुद्धा सुमारे पाच दिवस मागे असते. त्यावर शिकवलेलं मॉडेल उद्या दुसऱ्या अंदाज-प्रणालीच्या आकड्यांवर चालवलं तर त्या प्रणालीचा कल त्यात घुसतो. प्रबंधात हे एका ओळीत तरी लिहिलेलं असावं.

विद्यापीठाच्या आवारात स्वतःचं स्वयंचलित केंद्र असेल तर ते पडताळ्याला उत्तम, पण आधी त्याला तपासायला हवं. टिपिंग बकेटच्या, म्हणजे भरली की उलटणारी छोटी बादली असलेल्या पर्जन्यमापकाच्या, नरसाळ्याचा व्यास २०० मिमी असेल तर ३१४ मिली पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. ०.२ मिमीची बकेट असेल तर ५० टिचक्या पडायला हव्यात. पाणी ओतायचं नाही. सलाइनच्या सेटमधून अर्ध्या तासात थेंबथेंब सोडायचं. ४९ ते ५१ आलं तर ठीक. ४५ आलं तर बकेटच्या खुंटीत धूळ असते किंवा केंद्र एका बाजूला कललेलं असतं. जोराच्या पावसात बकेट उलटत असतानाच पाणी पडत राहतं आणि मोजणी कमी भरते, हा दोष मात्र यंत्राच्या रचनेतलाच.

सोलापुरातला नेहमीचा उपद्रव म्हणजे चोंदलेलं नरसाळं. उन्हाळ्याची धूळ, कडुनिंबाची पानं, कोळ्याची जाळी, आणि गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरात उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. जूनच्या पहिल्या पावसात यांचा चिखल होतो. मग नोंद ठेवणारा लॉगर प्रामाणिकपणे शून्य लिहितो. हे शून्य आणि खरं शून्य फाइलमध्ये एकसारखंच दिसतं. ओळखायची खूण: तासाभरात तापमान सहा-सात अंशांनी उतरलं, आर्द्रता ९० च्या वर गेली आणि पाऊस शून्य, तर शंका घ्यायची. दुसरी खूण आणखी पक्की. ऊन पडल्यावरही वीस-वीस मिनिटांनी ०.२, ०.२, ०.२ असे आकडे तासनतास येत राहतात. वर साचलेलं पाणी गाळातून झिरपत असतं. असे दिवस शून्यही नाहीत आणि दुरुस्तही करता येत नाहीत, सरळ ‘माहिती नाही’ करायचे.

मॉडेलला कुठले घटक द्यायचे, इथे सोलापूरचा भूगोल बोलतो. आपण पर्जन्यछायेत आहोत. जुलैत ८५० हेक्टोपास्कलवर, म्हणजे दीडेक किलोमीटर उंचीवर, पश्चिमेचं वारं जोरात असतं. कोकण आणि घाटमाथा भिजतो. इथे ढग भराभरा पूर्वेकडे पळतात आणि फार तर बुरबुर होते. सप्टेंबरात तेच वारं मंदावतं, दुपारी जमीन तापते, किंवा उपसागरातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणावरून इकडे सरकतं, आणि पाऊस पडतो. २०२० च्या ऑक्टोबरातलं क्षेत्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून असंच आलं होतं. म्हणजे पश्चिमेचं वारं वाढलं की पाऊस वाढतो, हा कोकणातला नियम इथे बऱ्याचदा उलटा चालतो. साध्या रेषीय मॉडेलला हे झेपत नाही. ते जुलै आणि सप्टेंबरची सरासरी काढून ‘वाऱ्याचा फारसा संबंध नाही’ असं सांगून मोकळं होतं. झाडांवर, म्हणजे ‘हो की नाही’ प्रश्नांच्या फांद्यांवर चालणारी मॉडेलं आधी हंगामाची वेळ बघून फांदी फोडतात आणि मग वारं तपासतात, म्हणून इथे ती उजवी ठरतात.

हवेतली एकूण वाफही एकटी फसवते. पावसाळ्यात सोलापूरवर वाफ असते, कमी असतं ते तिला वर उचलणारं बळ. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचा प्रयोग इथे केला, तो पाण्याने भरलेले पण न बरसणारे ढग इथे सापडतात म्हणूनच. तेव्हा वाफेच्या जोडीला ७०० हेक्टोपास्कलची सापेक्ष आर्द्रता, ५०० ची ऊर्ध्वगती आणि केप (हवेला वर उसळायला मिळणारी ऊर्जा) दिली की नुसत्या ढगाळ दिवसांचे खोटे इशारे कमी होतात. कालचा पाऊस, आसपासच्या चौकटींचा कालचा पाऊस आणि उपसागरावरचा दाब हे आणखी तीन. एकूण वीसच्या आत राहिलो.

वर्षातला दिवस सरळ क्रमांकाने न देता साइन आणि कोसाइनच्या जोडीने दिला, म्हणजे वर्ष वर्तुळासारखं फिरतं. लीप वर्षात १ जून हा १५२ ऐवजी १५३ वा दिवस होतो, हेही लक्षात ठेवावं. गंमत म्हणजे आपली पावसाची नक्षत्रं याच जातीची आहेत. ती सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, आणि एकेक नक्षत्र साडेतेरा दिवसांचं. सरासरी हवामानाची पायारेषा काढताना आम्ही १५ दिवसांची सरकती खिडकी वापरली, ती जवळपास नक्षत्राएवढीच झाली. उत्तरा-हस्ताचा पाऊस म्हणणारा शेतकरी आणि सप्टेंबरअखेरची वारंवारता काढणारा विद्यार्थी एकाच रकान्याकडे बघत असतात.

माहितीची वाटणी वर्षांनी करायची: १९८१ ते २०१० शिकायला, २०११ ते २०१५ जुळवायला, २०१६ ते २०२० परीक्षेला. ४,५९०, ७६५ आणि ७६५ दिवस. दिवस पत्त्यांसारखे पिसून वाटले तर १२ सप्टेंबर शिकण्यात आणि १३ सप्टेंबर परीक्षेत जातो; दोन्ही दिवस त्याच ढगांखालचे. गुण छान येतात आणि पुढच्या पावसाळ्यात कोसळतात. सरासरी आणि प्रमाण विचलनही फक्त शिकण्याच्या वर्षांवरून काढायचं.

एलएसटीएम हे क्रमाने येणाऱ्या माहितीसाठीचं न्यूरल नेटवर्क सगळ्यांनाच करून बघायचं असतं. हिशेब करा: २० घटक आणि ६४ युनिटचा एकच थर घेतला तरी ४ × ६४ × (२० + ६४ + १) म्हणजे २१,७६० वजनं शिकायची, आणि शिकायला दिवस ४,५९०. पाठांतर होणारच. एका चौकटीच्या दैनिक पावसासाठी एक्सजीबूस्ट, म्हणजे छोटी झाडं एकामागून एक जोडणारी पद्धत, पुरतं: खोली ४, शिकण्याचा वेग ०.०५, प्रत्येक झाडाला ८० टक्के दिवस, आणि जुळवणीच्या वर्षांवर ५० फेऱ्यांत सुधारणा नसेल तर थांबा. लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम आहे.

पाऊस आहे की नाही हे एक मॉडेल सांगतं, किती हे दुसरं. एकाच मॉडेलने वर्गित चूक कमी करायला घेतलं तर ते रोज दोन-तीन मिमी सांगून मोकळं होतं, कारण अर्ध्याहून जास्त दिवस कोरडे असताना तेच सर्वांत सुरक्षित उत्तर. प्रमाणासाठी ट्वीडी लॉस, म्हणजे बरीच शून्यं आणि थोडे मोठे आकडे एकत्र सांभाळणारं चुकीचं माप, बरं चालतं. लॉग घेऊन शिकवलं तर उलट फिरवताना मोठे आकडे दबतात. आणि झाडांची एक मर्यादा कायमची आहे: शिकण्याच्या काळात बघितलेल्या पावसापेक्षा फारसं मोठं ती सांगू शकत नाहीत. विक्रमी पावसाचा इशारा यांच्याकडून मागू नये.

पावसाचे दिवस कमी म्हणून त्यांना जादा भार दिला, तर शक्यता फुगतात आणि ‘७० टक्के’ याला अर्थ उरत नाही. मग आयसोटॉनिक पद्धतीने, म्हणजे चढता क्रम न मोडता खऱ्या वारंवारतेशी जुळवून, त्या पुन्हा जागेवर आणाव्या लागतात. स्मोट या पद्धतीने दोन खऱ्या दिवसांच्या मधले कृत्रिम दिवस बनवण्याच्या आम्ही विरोधात आहोत. जुलैचं वारं आणि ऑक्टोबरची आर्द्रता यांच्या मधला दिवस आकाशात कधीच उगवत नाही.

गुण देताना अचूकतेचा टक्का बाजूला ठेवा. रोज ‘पाऊस नाही’ म्हणणारं मॉडेलसुद्धा सोलापुरात बरे गुण मिळवतं. समजा ३० वेळा इशारा दिला, त्यात १८ खरे ठरले, १२ खोटे, आणि ९ पाऊस निसटले. पकड १८/२७ म्हणजे ०.६७, खोटे इशारे १२/३० म्हणजे ०.४०, आणि सीएसआय (इशारे आणि निसटलेले पाऊस मिळून त्यातले खरे) १८/३९ म्हणजे ०.४६. हे आकडे एकटे छापू नयेत. शेजारी ‘काल पडला तर आज पडेल’ आणि ‘या तारखेची नेहमीची वारंवारता’ या दोन फुकटच्या अंदाजांचे गुण हवेत. त्यांच्यापेक्षा मॉडेल पुढे नसेल तर काम अजून संपलेलं नाही.

चित्रं फक्त शेवटी काढायची नसतात. सर्वांत उपयोगी चित्र पहिल्या आठवड्यातच काढावं: चाळीस ओळी, १५३ रकाने, ओळीला वर्ष, रकान्याला दिवस. हरवलेलं वर्ष, दोनदा जोडलेली फाइल, एक दिवस सरकलेली लीप वर्षं, सगळं एका नजरेत दिसतं. हरवलेल्याला करडा रंग, शून्याला पांढरा. दोन्ही पांढरे ठेवले की माहिती नसलेला दिवस कोरडा दिवस होऊन बसतो.

नकाशासाठी इंद्रधनुषी रंगपट्टी टाळावी. पिवळा रंग मधेच उजळतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा डोळ्याला दिसते. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्यांचे हाल वेगळेच. पावसाला आम्ही हवामान विभागाचेच टप्पे दिले: २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५, आणि फिकटापासून गडद निळ्यापर्यंत सहा छटा. रंग भरलेल्या समरेषा काढल्या तर वीस चौकटींतून गुळगुळीत वळणं तयार होतात आणि बघणाऱ्याला वाटतं, सांगोल्याच्या कोपऱ्यापर्यंतचं आपल्याला माहीत आहे. त्यापेक्षा चौकटी चौकटींसारख्याच दिसू द्याव्यात. जाळीचे निर्देशांक चौकटीच्या मध्याचे असतात. कोपऱ्याचे समजलं तर सगळा नकाशा दोन्ही दिशांना तेरा-चौदा किलोमीटर सरकतो.

तालुक्यांची नावं मराठीत टाकायची तर आणखी एक अडथळा. आम्ही चित्रांसाठी वापरलेल्या मॅटप्लॉटलिबला देवनागरीची जोडणी करता येत नाही. ते अक्षरं एकापुढे एक नुसती मांडतं. करमाळा, माढा, मोहोळ, सांगोला, मंगळवेढा सुखरूप उमटतात. माळशिरसची वेलांटी ‘श’च्या पलीकडे पडते, अक्कलकोटचा पाय मोडतो, बार्शीचा रफार सुटतो आणि दक्षिण सोलापूर तर वाचताच येत नाही. एमपीएलकैरो हा त्याचा बॅकएंड राक्म या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीसह बसवला तर जोडाक्षरं जुळतात. तो बसवायचा नसेल तर चित्र एसव्हीजीमध्ये, अक्षरं अक्षरंच ठेवण्याच्या सेटिंगने जतन करून इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं; तिथे रफार आपोआप चढतो. मग नकाशाखाली ओळ टाकायची: ‘१५ ऑक्टोबर, सकाळी ८.३० ला संपलेले २४ तास.’